लिहून दिलेली कमांड
(प्रस्तावना)

युनिक्सच्या पहिल्या हस्तपुस्तिकेवर 3 नोव्हेंबर 1971 ही तारीख आहे. अमेरिकेत न्यू जर्सीमधल्या मरे हिल इथे, बेल प्रयोगशाळेत, केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी ही ऑपरेटिंग सिस्टिम दोन वर्षांपूर्वी उभी करायला घेतली होती. त्या हस्तपुस्तिकेतल्या कमांडच्या यादीत ‘एलएस’ आहे, ‘सीपी’, ‘एमव्ही’ आणि ‘आरएम’ आहेत, ‘कॅट’, ‘डब्ल्यूसी’, ‘हू’, ‘डेट’ आणि ‘एमकेडिर’ही आहेत. आज एखाद्या मुलीने उबुंटू किंवा लिनक्स मिंट घातलेल्या संगणकावर टर्मिनल उघडून यांतली कुठलीही कमांड टंकली तर ती चालते, आणि बहुतेक तेव्हाचेच काम करते. फोल्डर बदलण्याची ‘सीडी’ तेवढी त्या वेळी ‘सीएचडिर’ या लांब नावाने होती. मधल्या पन्नासहून जास्त वर्षांत रंगीत पडदे आले, माऊस आला, बोटाने चालणारे फोन आले. ज्या यंत्रासाठी या कमांड लिहिल्या होत्या ते आता वस्तुसंग्रहालयात पाहायला मिळते.

संगणकाच्या क्षेत्रात इतकी टिकलेली विद्या फार थोडी आहे. कुठल्या मेनूत कुठले बटण आहे हे शिकलेले ज्ञान पुढची आवृत्ती आली की जुने होते, आणि ते दुसऱ्याला द्यायचे तर शेजारी बसून दाखवावे लागते. कमांड मात्र मजकूर असते. ती वहीत उतरवून ठेवता येते, फोनवर सांगता येते, पत्रातून पाठवता येते. चुकली तर कुठे चुकली हे त्या ओळीवर बोट ठेवून दाखवता येते, आणि वर्षभराने तीच ओळ पुन्हा चालवता येते. टर्मिनल शिकावे ते वेगासाठी, असे नेहमी सांगितले जाते, आणि वेग मिळतोही. पण मला त्याचे खरे महत्त्व वाटते ते या लिहून देता येण्यात. या पुस्तकाची सगळी मांडणी याच विचारावर केली आहे.

कमांडची नावे इतकी तोकडी का, हा प्रत्येक नवख्याचा पहिला प्रश्न असतो. थॉम्पसन आणि रिची काम करत होते ते टेलिटाइप मॉडेल 33 या यंत्रावर. त्याला पडदा नव्हता, कागदाचे रीळ होते. सेकंदाला दहा अक्षरे या गतीने ते खडखडत छापायचे, आणि त्याच्या कळा जोर लावून दाबाव्या लागत. अशा यंत्रावर चार अक्षरांचे काम दोन अक्षरांत झाले तर ते सगळ्यांनाच हवे होते. काम नीट झाले तर काहीच न बोलण्याची सवयही याच काळातली. आजचा विद्यार्थी ‘सीपी’ देतो, पडद्यावर काहीच उमटत नाही, आणि कमांड गेली की नाही या शंकेने तो पुन्हा एंटर दाबतो. कमांड गप्प राहिली म्हणजे काम झाले, हे त्याला पहिल्याच दिवशी कुणीतरी सांगायला हवे. लिनक्समध्ये ‘टीटीवाय’ हे नाव आजही जागोजागी दिसते, ते त्या टेलिटाइपचेच.

युनिक्सचा आणि मजकुराचा संबंध पुष्कळांना वाटतो त्यापेक्षा जवळचा आहे. थॉम्पसन-रिचींना मोठा संगणक हवा होता, पण निव्वळ ऑपरेटिंग सिस्टिमच्या संशोधनासाठी तो मिळण्याची शक्यता नव्हती. तेव्हा त्यांच्या गटाने मजकूर तयार करण्याची आणि छापण्याची व्यवस्था करण्याचा प्रस्ताव मांडला. त्यातून पीडीपी-11 हे यंत्र आले, आणि बेल प्रयोगशाळेच्या पेटंट विभागातले टंकलेखक युनिक्सचे पहिले खरे वापरकर्ते ठरले. ओळी शोधणे, शब्द मोजणे, क्रम लावणे, पाने पाडणे ही कामे या व्यवस्थेच्या पायातच आहेत. लेखक, संपादक, संशोधक, कोशकार यांना टर्मिनल परके वाटते याचे मला म्हणूनच आश्चर्य वाटते. ते मुळात त्यांच्याच कामासाठी वाढले.

या वाढीतला सर्वांत मोठा टप्पा 1973 चा. डग मॅकिलरॉय हे थॉम्पसन-रिचींच्या विभागाचे प्रमुख. बागेतल्या पाण्याच्या नळीला जसा दुसरा तुकडा जोडावा तसे प्रोग्रॅम एकमेकांना जोडता यावेत, असे त्यांनी 1964 मध्येच एका टिपणात लिहून ठेवले होते. नंतर ते त्याचा पाठपुरावा करत राहिले, आणि अखेर थॉम्पसन यांनी एका रात्रीत ती सोय युनिक्समध्ये घातली. तिला ‘पाइप’ म्हणतात, आणि आज ती | या उभ्या रेघेने लिहितात. रेघेच्या डावीकडच्या कमांडमधून जे बाहेर पडेल ते उजवीकडच्या कमांडला मिळते. कमांडने गप्प राहण्याला इथे दुसरे कारण मिळाले. तिने उगाच काही बोलायचे ठरवले तर ते बोलणे पुढच्या कमांडच्या कामात मिसळेल. एका प्रोग्रॅमने एकच काम नीट करावे, दुसऱ्यांबरोबर चालावे आणि त्यासाठी मजकुराचा प्रवाह वापरावा, हा विचार युनिक्सचे तत्त्वज्ञान म्हणून ओळखला जातो. तो या दिवसांत आकाराला आला, आणि 1978 मध्ये बेल प्रयोगशाळेच्या नियतकालिकाच्या युनिक्स विशेषांकात मॅकिलरॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो लिहून काढला.

‘ग्रेप’ची गोष्ट याच काळातली आहे. बेल प्रयोगशाळेतलेच ब्रायन कर्निगन सांगतात त्यानुसार ली मॅकमहन हे सहकारी अमेरिकेच्या राज्यघटनेच्या बाजूने अठराव्या शतकात लिहिल्या गेलेल्या ‘फेडरलिस्ट पेपर्स’ या लेखांतला कुठला लेख कुणाचा, हे शब्दांच्या वापरावरून शोधत होते. मजकूर इतका मोठा की तो ‘ईडी’ या मजकूर संपादण्याच्या प्रोग्रॅममध्ये मावत नव्हता. थॉम्पसन यांनी ‘ईडी’मधली शोधण्याची शक्ती बाहेर काढून तिची वेगळी कमांड केली. एका साहित्यिक प्रश्नातून आलेली ही कमांड आज जगभरातल्या सर्व्हरांवरच्या नोंदी चाळते.

छोट्या कमांड जोडून काय साधते याचा गाजलेला दाखला 1986 चा. संगणकशास्त्रज्ञ जॉन बेंटली यांनी एका नियतकालिकातल्या आपल्या सदरासाठी दुसरे संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनुथ यांना एक काम दिले होते: दिलेल्या मजकुरातले सर्वांत जास्त वेळा आलेले शब्द शोधून त्यांची संख्या सांगणारा प्रोग्रॅम लिहायचा. कनुथ यांनी पानेच्या पाने भरणारा, अत्यंत देखणा प्रोग्रॅम लिहिला. त्याचे परीक्षण करताना मॅकिलरॉय यांनी सहा कमांडची एक साखळी दिली आणि तेच काम करून दाखवले. ही तुलना कनुथ यांच्यावर थोडा अन्याय करते, कारण प्रोग्रॅम वाचनीय कसा लिहावा हे त्यांना दाखवायचे होते आणि ते त्यांनी उत्तम दाखवले. तरीही ती सहा ओळींची साखळी प्रत्येक नवख्याने एकदा हाताने लिहून पाहावी असे मला वाटते. शब्द सुटे करा, मोठी रोमन अक्षरे लहान करा, क्रम लावा, सारखे मोजा, पुन्हा क्रम लावा, वरचे तेवढे ठेवा. यातली एकही कमांड शब्द मोजण्यासाठी म्हणून लिहिलेली नाही, आणि सगळ्या मिळून शब्द मोजतात.

आपण टंकलेली ओळ वाचून जो तिचा अर्थ लावतो आणि योग्य तो प्रोग्रॅम चालवतो तो ‘शेल’. ही संज्ञा लुई पूझाँ या फ्रेंच संगणकतज्ज्ञाची, युनिक्सच्याही आधीची. शेलची घराणी कशी पडली हे ठाऊक असले की पुढचा पुष्कळ गोंधळ टळतो. स्टीफन बोर्न यांचा शेल 1979 मध्ये युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर आला. त्याच सुमारास कॅलिफोर्नियात बर्कली विद्यापीठात बिल जॉय यांनी सी भाषेच्या वळणाचा वेगळा शेल लिहिला. पुढे डेव्हिड कॉर्न यांनी दोन्हींतले चांगले एकत्र आणले. ब्रायन फॉक्स यांनी 1989 मध्ये लिहिलेला ‘बॅश’ बोर्न घराण्यातला, मुक्त परवान्याचा. लिनक्सच्या बहुतेक वाटपांत (डिस्ट्रिब्युशनांत) तोच समोर येतो. ‘झेडशेल’ 1990 चा, ॲपलने 2019 पासून मॅकवर तो आपोआप समोर येणारा शेल म्हणून दिला. 2005 चा ‘फिश’ नवख्यांना फार मदत करतो, पण त्यात लिहिलेली स्क्रिप्ट दुसरीकडे चालेलच असे नाही. म्हणून या पुस्तकात बॅश घेतला आहे. बॅश शिकलेला माणूस बाकीच्यांत थोड्या चुळबुळीनंतर रुळतो.

दुसरी मोठी फाळणी कायद्यातून आली. बेल प्रयोगशाळा ज्या कंपनीची, त्या एटी अँड टीला सरकारशी झालेल्या 1956 च्या तडजोडीमुळे संगणकाच्या धंद्यात उतरता येत नव्हते. त्यामुळे युनिक्स विद्यापीठांना मूळ स्रोतासह नाममात्र शुल्कात मिळे. बर्कलीची बीएसडी शाखा त्यातूनच फुलली. 1984 मध्ये कंपनीचे विभाजन झाले, बंधन सुटले, आणि युनिक्स हा महाग धंदा झाला. रिचर्ड स्टॉलमन यांनी 1983 मध्येच ग्नू प्रकल्प जाहीर केला होता: युनिक्ससारखी, पण कुणालाही वापरता, वाचता, बदलता आणि वाटता येईल अशी पूर्ण व्यवस्था. त्यांच्या गटाने ‘एलएस’पासून ‘सॉर्ट’पर्यंतच्या कमांड पुन्हा नव्याने लिहिल्या. फक्त कर्नल, म्हणजे व्यवस्थेचा गाभा, राहिले होते. हेलसिंकी विद्यापीठातला लिनस टॉरवाल्ड्स हा विद्यार्थी ऑगस्ट 1991 मध्ये म्हणाला की आपण छंद म्हणून एक ऑपरेटिंग सिस्टिम करतो आहोत. 1992 मध्ये त्याने ती ग्नूच्या परवान्याखाली आणली, आणि जोडी जमली. आपण टर्मिनलमध्ये जे टंकतो त्यातले बरेचसे ग्नूचे असते, खाली काम करणारे कर्नल लिनक्सचे. मॅकवरच्या कमांड मात्र बीएसडी वळणाच्या आहेत. तिथे मजकूर बदलणाऱ्या ‘सेड’ कमांडचा ‘-आय’ हा पर्याय लिनक्सपेक्षा वेगळा वागतो आणि एकाची ओळ दुसऱ्यावर अडते. हा फरक घराण्याचा आहे हे कळले की वाचक स्वतःला दोष देत बसत नाही.

लिनक्सच्या वाटपांबद्दल इथे फार लिहीत नाही. इयान मर्डॉक यांनी 1993 मध्ये सुरू केलेले डेबियन, त्यावर उभे राहिलेले 2004 चे उबुंटू, रेड हॅटचे घराणे, 2002 चे आर्च, असे मोठे पंथ आहेत. नवे सॉफ्टवेअर घालण्याची कमांड प्रत्येकाची वेगळी: डेबियन घराण्यात ‘एपीटी’, रेड हॅटकडे ‘डीएनएफ’, आर्चमध्ये ‘पॅकमॅन’. बाकी रोजच्या कमांड सगळीकडे सारख्याच.

आपल्याकडे या विषयाची वाट वेगळी राहिली. महाराष्ट्रातल्या एका पिढीला संगणकाची ओळख करून दिली ती एमएस-सीआयटीसारख्या अभ्यासक्रमांनी. तालुक्याच्या गावापर्यंत ते पोचले, हे मोठे काम झाले. त्यांत भर होता तो खिडक्या, मेनू आणि कार्यालयीन सॉफ्टवेअरवर. टर्मिनल भेटते ते अभियांत्रिकीच्या किंवा संगणकशास्त्राच्या प्रॅक्टिकलमध्ये: डाव्या बाजूला कमांड, उजव्या बाजूला उपयोग, जर्नलवर सही, तोंडी परीक्षेत चार प्रश्न. अशी पाठ केलेली यादी परीक्षेनंतर टिकत नाही, कारण तिच्यातली एकही कमांड विद्यार्थ्याच्या स्वतःच्या कामाला लागलेली नसते. प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. सी-डॅक या संस्थेने डेबियनवर आधारित ‘बॉस’ हे भारतीय भाषांना धरून असलेले लिनक्स तयार केले. केरळने सरकारी शाळांचे संगणक शिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर आणले. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने लिनक्सच्या प्राथमिक कमांडचे छोटे दृक्-श्राव्य पाठ मराठीतही उपलब्ध केले, आणि स्वतः शिकणाऱ्याने ते जरूर पाहावेत. मराठीत उणीव आहे ती निवांत वाचण्याजोग्या, कारणे सांगणाऱ्या पुस्तकाची.

हे आताच का, तर काही कारणे अगदी ताजी आहेत. 14 ऑक्टोबर 2025 रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 ला आधार देणे थांबवले. विंडोज 11 च्या अटींत न बसणारे पण धडधाकट असलेले संगणक घराघरांत, शाळांत, छोट्या कार्यालयांत पडून आहेत. त्यांवर लिनक्स चालते. दुसरीकडे, आपण रोज वापरतो त्या बहुतेक सेवा ज्या यंत्रांवर चालतात त्यांना पडदाच नसतो. तिथे पोचायची वाट टर्मिनलमधूनच जाते. नोव्हेंबर 2017 पासून जगातल्या सर्वांत वेगवान पाचशे महासंगणकांच्या यादीतले सगळेच्या सगळे लिनक्सवर चालतात. आणि खुद्द मायक्रोसॉफ्टने 2016 पासून विंडोजच्या आत लिनक्सचे टर्मिनल उघडायची सोय दिली आहे, त्यामुळे शिकायला आता वेगळा संगणकही लागत नाही.

सर्वांत महत्त्वाचे कारण मात्र वेगळे आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आज मागाल ती कमांड क्षणात लिहून देतात. कमांड मजकूर असल्यामुळेच त्यांना ते इतके चांगले जमते. लिहिण्याचे कष्ट कमी झाले, पण वाचण्याची जबाबदारी वाढली. मिळालेली ओळ तशीच चिकटवून ‘सुडो’सह चालवणारा माणूस संपूर्ण यंत्राचा अधिकार न वाचलेल्या वाक्याच्या हाती देतो. समजा ‘जुने फोटो’ नावाचे फोल्डर काढून टाकायचे आहे आणि कुणी लिहून दिले: ‘आरएम -आर जुने फोटो’. शेलला मधली मोकळी जागा म्हणजे दोन वेगळी नावे. ‘आरएम’ला ‘जुने’ सापडले नाही तर ती तक्रार करील, आणि ‘फोटो’ नावाचे दुसरे फोल्डर तिथे असेल तर ते पूर्ण पुसून टाकील. टर्मिनलमधून पुसलेले कचरापेटीत जात नाही. नावाभोवती दोन अवतरणचिन्हे घातली असती तर हे टळले असते. अशी ओळ चालवण्याआधी वाचता येणे, हे मी या पुस्तकाचे पहिले ध्येय मानतो.

मराठी वाचकासाठी या पुस्तकात एक विभाग मुद्दाम ठेवला आहे, आणि त्यावर मी सर्वांत जास्त वेळ दिला आहे. आपले मराठी लेखन संगणकात ज्या पद्धतीने साठते ती यूटीएफ-8 पद्धत युनिक्सच्याच केन थॉम्पसन यांनी, रॉब पाइक यांच्यासह, सप्टेंबर 1992 मध्ये न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत टेबलावरच्या कागदावर आखली. तिच्यामुळे ‘कॅट’, ‘ग्रेप’, ‘सॉर्ट’ या जुन्या कमांड देवनागरी मजकुरावर चालू लागल्या. पण त्या देवनागरीकडे कशा पाहतात हे समजून घ्यावे लागते. ‘मराठी’ या शब्दात ‘डब्ल्यूसी’ला पाच चिन्हे दिसतात: म, र, काना, ठ आणि वेलांटी. बाइट मोजायला सांगितले तर ती पंधरा सांगते, कारण देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. ग्नूची ‘टीआर’ कमांड एकेका बाइटवर काम करते, म्हणून मोकळ्या जागांवर शब्द तोडायला ती चालते, पण एक देवनागरी अक्षर बदलून दुसरे घालायला वापरली तर मजकूर फुटतो. तिथे ‘सेड’ घ्यावी. टर्मिनल प्रत्येक अक्षराला सारखी चौकट देते आणि आपली जोडाक्षरे तीत नीट बसत नाहीत, त्यामुळे काही टर्मिनलांत अक्षरे विसकटलेली दिसतात. फाइल तरीही ठीक असते.

याहून खोल प्रश्न भाषेचे आहेत. ‘ग्रेप’ने ‘घर’ शोधले तर ‘घरात’, ‘घराला’, ‘घरून’ सगळे सापडते. ‘पाणी’ शोधले तर ‘पाण्यात’ आणि ‘पाण्याचा’ निसटतात, कारण सामान्यरूपात वेलांटी जाते. ‘पाण’ एवढेच शोधले तर तेही येतात, पण सोबत ‘पाणबुडी’ येते. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र दोन वेगळ्या पद्धतींनी टंकलेला असू शकतो, डोळ्यांना दोन्ही सारखे, ‘ग्रेप’ला मात्र ते वेगळे शब्द. मॅकिलरॉय यांची सहा कमांडची साखळी मराठी कादंबरीवर चालवली की हे सगळे प्रश्न एकदम समोर येतात. ते सोडवताना वाचक कमांड शिकतो आणि मराठीची घडणही नव्याने पाहतो. भाषेच्या अभ्यासकांनी, बोलीभाषांचे शब्द गोळा करणाऱ्यांनी, जुन्या ग्रंथांच्या टंकलिखित प्रती तपासणाऱ्यांनी हा विभाग सुटा वाचला तरी हरकत नाही.

पुस्तकाच्या सीमाही सांगायला हव्यात. सर्व्हर सांभाळणे, नेटवर्कची बांधणी, मोठ्या स्क्रिप्ट यांत मी शिरलेलो नाही. मजकूर संपादण्याच्या प्रोग्रॅमपैकी ‘नॅनो’ घेतला आहे. ‘व्हीआय’मधून बाहेर कसे पडायचे एवढे सांगितले आहे, कारण कधी ना कधी तो उघडतोच. कमांडची संख्या मुद्दाम थोडी ठेवली, आणि प्रत्येक कमांड वाचकाच्या एखाद्या खऱ्या कामाला बांधली: सहलीच्या फोटोंना तारखेनुसार नावे देणे, सोसायटीच्या वर्गणीच्या यादीत दुबार नावे शोधणे, डिस्क कशाने भरली ते पाहणे. या प्रस्तावनेत कमांडची नावे वाचायच्या सोयीने देवनागरीत लिहिली आहेत. पुढे प्रत्येक कमांड टंकायची तशी रोमन लिपीत, तिच्या उच्चारासह आणि नाव कशावरून पडले त्याच्या खुलाशासह दिली आहे.

वाचताना संगणक समोर असावा, आणि सरावासाठी एक वेगळे फोल्डर करून त्यात नकली फाइली ठेवाव्यात. पुसण्याचा सराव तिथेच करावा. शेजारी वही ठेवावी, आणि चाललेली ओळ, ती कशासाठी चालवली याच्या एका वाक्यासह, तारीख घालून तीत उतरवावी. अडले की आधी ‘मॅन’ टंकून मागे कमांडचे नाव द्यावे. उघडणारे पान इंग्रजीत आणि कोरडे असेल. ते कसे वाचायचे, त्यातले कुठले परिच्छेद आज सोडून द्यायचे आणि उदाहरणे कुठे शोधायची, इथपासून पहिले प्रकरण सुरू होते.